तुळशीराम मिस्त्री आणि भाऊसाहेबांची मोठी चाकं

बुलढाण्याच्या स्टँडवरून जळगाव जामोदची गाडी सुटत होती आणि मी मेथीची जुडी पिशवीत कोंबून घराकडे निघालो होतो. कंडक्टर ओळखीचा. त्यानं दारात उभं राहूनच हाक मारली, "ओ मास्तर, तुमाले समजलं का? तुळशीराम मिस्त्री गेले ना परवा! झोपेतच गेले म्हनतेत." मी पुढे काही विचारणार तेवढ्यात त्यानं घंटी वाजवली आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली. मी तसाच उभा राहिलो. आता जे लिहितो आहे ते लिहायला जीभ, म्हणजे लेखणी, रेटत नाही. पण खोटं बोलून बोलून मी इतका विटलो आहे की आता खरंच सांगतो. तुळशीराम गेला हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं आलं. चाळीस वर्षांचा मित्र गेला आणि मला मोकळं वाटलं... दोन पावलं चाललो आणि मग स्वतःची अशी शिसारी आली की तिथल्या नळावर जाऊन मी तोंड धुतलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती रडली. मी मेथी निवडत बसलो.

त्याला जाऊन सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत अशा लेखांत जे लिहितात ते त्याच्याबद्दल लिहिणं मला सोपं होतं. तो गरिबीतून वर आला, हातात कसब होतं, मन मोठं होतं. हे सगळं खरंही आहे. आमचं गाव नदीपलीकडे, जळगाव जामोदहून चार कोस, उत्तरेला सातपुडा सरळ दिसणारा. तुळशीराम माळ्याचा. घरी वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. चौथीपर्यंत तो माझ्या शेजारी बसला आणि त्यानं माझ्या पाटीवरचं बघून लिहिलं असं एकदाही झालं नाही, मी मात्र त्याच्या पाटीवरचे हिशेब बिनदिक्कत उतरवून घेत असे. नंतर मी पुढे शिकायला गेलो आणि तो अकोल्याला एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. दहा-बारा वर्षांनी परत आला तो मिस्त्री होऊन. फाट्यावर त्यानं टिनाचं शेड टाकलं, मागे दोन खोल्यांचं घर बांधलं आणि गोदावहिनीला घेऊन तिथे राहायला गेला. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, इंजिनाला लावायचा, मुठीचं टोक कानाशी धरायचं आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, ही त्याची तपासायची रीत. त्या वेळी मालक काही बोलायला लागला की डोळे न उघडता तो म्हणे, "थांबा ना, ते बोलून राह्यलं."

तो तोंडावर सांगणारा माणूस होता. गाडीला अमुक काम नको असेल तर मालक कितीही मोठा असो, "हे मी करत नाही, हे चुकीचं हाय" असं म्हणून हात पुसायचा. असे लोक दुरून फार चांगले दिसतात. जवळ असले की आपल्याला आपण कसे आहोत ते रोज दिसत राहतं, आणि ते काही सुखाचं नसतं.

आता भाऊसाहेब. खरं नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही, आमच्या भागात प्रत्येक चार गावांमागे एक भाऊसाहेब आहे. आमचे भाऊसाहेब दीडशे एकरांचे मालक, गावात नव्यानं निघालेल्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि उंचीनं पाच फुटांना थोडे कमी. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, जिल्हा परिषदा आता आताच येऊ घातल्या होत्या आणि ज्याच्या अंगावर म्हणून पांढरं धोतर होतं त्या प्रत्येकाला आपण पुढारी झालोच असं वाटत होतं. भाऊसाहेबांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली. ती होती ठीकच. पण नागपूरला कुठल्याशा साहेबाच्या गाडीची मोठाली, जाड नक्षीची चाकं त्यांनी बघितली आणि तिथून त्यांची झोप उडाली. एका महिन्यात तशीच चार चाकं एका मोठ्या लष्करी गाडीची काढून आणली आणि तुळशीरामच्या शेडसमोर उतरवली. त्या रबराचा वास मला अजून आठवतो. उन्हानं तापलेलं ते काळं रबर, त्यावर हात फिरवणारे भाऊसाहेब आणि बाजूला हसरा चेहरा करून उभा असलेला मी.

तुळशीरामनं चाकाला वीत लावली, जीपच्या मडगार्डखाली हात घातला आणि म्हणाला, "बसवता येतीन. पर बॉडी वर घ्या लागन. स्प्रिंगच्या पाट्यायखाली ठोकळे टाकून चार बोटं उचला, मंगच ह्या चाकाले फिराले जागा भेटन."

"उचलायची नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"काऊन?"

भाऊसाहेबांनी इकडे तिकडे बघितलं. मग हळूच बोलले, "मंग मी चढू कसा? स्टूल ठेवू काय खाली? लोकं हासतीन बे! बॉडी हाय तथीच राहू दे अन् चाकं मोठी कर."

एका ठेंगण्या माणसाला धोतर सावरत उंच गाडीत चढताना कोणी बघू नये, एवढ्यासाठी पुढचं सगळं घडलं. मी याच्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि दर वेळी मला उबग येतो. निदान लोभ असता, वैर असतं तरी चाललं असतं. तुळशीरामनं त्यांना बैलबंडीचं उदाहरण देऊन समजावलं. तो म्हणाला, बंडीच्या चाकाले गारा, म्हणजे चिखल, लागते अन् आपसूक गळून पडते, कारण वरून झाकण नाही. ह्या चाकावर मडगार्ड हाय. चाक मोठं केलं तर मंधात बोटभर फट राह्यते. आपल्या काळ्या मातीचा गारा त्या फटीत बसला का चाक गच्च धरते, मग सुकाणू किती ओढा, फिरत नाही. "हे काम मी नाही करत भाऊसाहेब," असं म्हणून त्यानं नेहमीसारखे हात पुसले.

भाऊसाहेब तिथून माझ्या घरी आले. मी त्यांच्या शाळेत तिसरं वर्ष हंगामी म्हणून काढत होतो, जूनला कायम करू असं ते दोन वर्षं म्हणत होते, आणि मला दोन मुली होत्या. त्यांनी धमकी वगैरे काही दिली नाही. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, तो तुमचा दोस्त हाय. जरा समजावा. तुमची ऑर्डर मी काढूनच राह्यलो." एवढंच. आणि मी लगेच पायात चपला घातल्या... इतक्या लगेच की बायकोनं विचारलं, "कोणाचं काय झालं?"

शेडवर जाऊन मी तुळशीरामला म्हणालो, "तुळशा, बसव ना बे चाकं. तुहं काय जाते?"

"माहं काय जाते? गाडी माह्या हातून रस्त्यावर जाते."

"माही ऑर्डर अडली हाय. त्याच्या हातात हाय सगळं."

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं आता शिवी देईल. मला शिवी हवी होती खरं तर, म्हणजे मी रागावून निघून आलो असतो. तो म्हणाला, "तुह्यासाठी बसवतो," आणि छन्नी शोधायला आत गेला.

चार दिवस तो त्या जीपवर राबला. मडगार्डाची कड चार बोटं कापली, कापलेली धार ठोकून आत वळवली, जेणेकरून टायर चिरू नये. पुढचं चाक पूर्ण वळलं तर पाट्याला घासत होतं, म्हणून वळण अडवणारा बोल्ट त्यानं पुढे काढला. याचा अर्थ जीप एका वळणात फिरायची तिथे आता दोनदा मागेपुढे करावी लागणार. जे काम करायचं नाही असं तो म्हणाला होता ते त्यानं इतक्या काळजीनं केलं की बघणाऱ्याला वाटावं स्वतःच्याच गाडीचं चाललं आहे. चौथ्या दिवशी भाऊसाहेब जीप न्यायला आले. त्यांचा ड्रायव्हर नामदेव सासुरवाडीला गेला होता, म्हणून गाडी चालवायला दुसऱ्या गावचा कोणीतरी आणला होता, तो रस्त्यावर विडी ओढत उभा होता. शेडमध्ये आम्ही तिघंच. तुळशीरामनं बॉनेटवर हात ठेवला आणि सांगितलं. मी त्याचे शब्द जसेच्या तसे देतो, कारण मला ते तेव्हाही पाठ होते आणि आजही आहेत. "भाऊसाहेब, कोरड्यात चालवा, काही होत नाही. पर पाऊस पडला का ही गाडी बाहेर काढू नका. गाऱ्यात तर नेऊच नका. चाक धरन. अन् ब्रेक जुनेच हायेत, चाक मोठं हाय, थांबाले टाइम लागन. नामदेवले हे सांगजा, इसरू नका." भाऊसाहेब "बरं, बरं" म्हणत त्या चाकाला लाथेनं ठोकून बघत होते. मी मान डोलावली. मला जूनमध्ये ऑर्डर मिळाली.

भाऊसाहेब जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्या जीपमुळे आले असं ते स्वतः सांगत. नामदेवला त्यांनी काहीच सांगितलं नाही, विसरले असतील, किंवा सांगण्याइतकं महत्त्वाचं वाटलं नसेल. श्रावणात त्यांचा सत्कार ठरला आणि लाऊडस्पीकर आणायला त्यांनी नामदेवला पलीकडच्या गावी पिटाळलं. तीन दिवस झड लागून राहिली होती. जाताना जीप गेली, लोकांनी वाहवा केली. येताना नाल्याच्या बांधावर जिथे रस्ता वळतो तिथे पुढची दोन्ही चाकं माती धरून बसली. नामदेवनं सुकाणू ओढलं, चाक वळलं नाही, जीप सरळ बांधावरून खाली गेली आणि कलंडली. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय दरवाज्याखाली चेंगरला होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात गुडघ्याखाली कापावा लागला. लाऊडस्पीकरचा कर्णा मात्र चिखलात पडूनही शाबूत होता आणि सत्कार दोन दिवस पुढे ढकलून त्याच कर्ण्यावर झाला. त्या सत्काराला मी स्वागतपर भाषण केलं आहे.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांच्या ओसरीवर बैठक बसली. नामदेवचा भाऊ आला होता, गावातले चार जाणते होते, तुळशीरामला बोलावलं होतं आणि मला मंडळाचा माणूस म्हणून बसवलं होतं. भाऊसाहेबांनी सुरुवातच केली, "मिस्त्र्यानं चाकं चुकीची बसवली. मले काय समजते त्यातलं?" तुळशीराम उभा होता, बसला नव्हता. तो म्हणाला, "म्या सांगतलं होतं, गाऱ्यात नेऊ नका म्हणून. मास्तर होते तथी. इचारा त्याईले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहा होता. म्हशीच्या दुधाचा, वर जाड साय आलेली, आणि मी नुकताच घोट घेतल्यामुळे ती साय माझ्या वरच्या ओठाला चिकटली होती. ती पुसावी की आधी बोलावं, हे मला कळेना. मी म्हणालो, "बोलणं काहीतरी झालं होतं... पण नेमकं काय ते आता आठवत नाही." मी नाही म्हणालो नाही. पूर्ण खोटं बोलायचीही माझी छाती नव्हती. आठवत नाही, एवढंच म्हणालो आणि मग ओठ पुसला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. तेव्हापासून मी सायीचा चहा पिऊ शकत नाही. बायको गाळून देते. तिला वाटतं पोटाचं काहीतरी आहे.

नामदेवच्या भावानं तुळशीरामला आईवरून शिवी दिली, ती त्यानं ऐकून घेतली आणि टोपी घालून तो पायऱ्या उतरला. त्या दिवसापासून आमच्या पंचक्रोशीत 'पाय घेणारा मिस्त्री' असं त्याचं नाव पडलं. गाड्या परस्पर जळगाव जामोदला जायला लागल्या. त्याच्या शेडवर वर्ष-दीड वर्ष फक्त डिझेलची इंजिनं आणि कडबा कापायची यंत्रं येत राहिली. नामदेवला त्यानं स्वतःच्या हातानं कुबडी करून दिली, बगलेत टोचू नये म्हणून वर जुन्या सीटचं चामडं लावून. नामदेवनं ती आधी रस्त्यावर फेकली आणि आठ दिवसांनी भावाला पाठवून उचलून आणली. पण तुळशीरामशी तो पुढे कधी बोलला नाही. भाऊसाहेबांनी जीपला परत जुनी लहान चाकं बसवून घेतली. ते काम त्यांनी अकोल्याहून करून आणलं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती याच्या पुढच्या भागाची. तुळशीरामनं माझ्याशी भांडायला हवं होतं. माझ्या दारात येऊन चार माणसांत मला नागडं करायला हवं होतं. तो दिवाळीला नेहमीसारखा आला, भावाच्या वाडीतली वांगी फडक्यात बांधून घेऊन. "पोरीले आवडतेत ना," म्हणाला. दर वर्षी आला. मी नंतर बुलढाण्याला नोकरी बदलून आलो, मोठ्या शाळेत, तर तो एस.टी.नं घाट चढून वांगी घेऊन यायला लागला. त्या वांग्यांची भाजी माझ्या पानात पडली की मी ती ताटाच्या कडेला सारून ठेवायचो, पोरी मिटक्या मारून खायच्या. त्याच्या चांगुलपणाचा मला तिटकारा यायला लागला होता. एखाद्यानं आपल्याला माफ केलं आहे की नाही हे दहा वर्षं कळू नये आणि त्यानं दर वर्षी भाजी आणून द्यावी, याच्याइतकी शिक्षा नाही... पण हेही मी माझ्याच सोयीनं लिहितो आहे. त्याला शिक्षा वगैरे काही करायची नसेल. वांगी चांगली आली म्हणून आणली असतील. आणि मी दहा वर्षांत गावी इतक्यांदा गेलो, त्याच्या ओसरीवर बसलो, वहिनीच्या हातचं जेवलो, पण शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. त्यानंही कधी आत ये म्हटलं नाही.

शेवटचा तो माझ्याकडे आला तो उन्हाळ्यात, दवाखान्यात छाती दाखवायला. खूप वाळला होता. जेवला, थोरलीच्या लग्नाचं विचारलं, माझ्या सायकलची साखळी ढिली होती ती काढून घट्ट करून दिली आणि हात धुवायला साबण मागितला. निघताना मी स्टँडपर्यंत गेलो. तिथे बोलता आलं असतं. गाडीला पाऊण तास अवकाश होता. मी त्याला सरकारी शाळांत इंग्रजी कसं बिघडलं आहे ते सांगत बसलो आणि तो "हाव, हाव" करत राहिला.

तेराव्यानंतर गावात शोकसभा झाली. भाऊसाहेब आता बरेच मोठ्या पदावर गेले आहेत, केस पांढरे, गाडी नवी. 'पाय घेणारा मिस्त्री' हे नाव याच गावानं दिलं होतं, तेच गाव सतरंजीवर मांडी घालून बसलं होतं. भाऊसाहेबांनी रुमाल काढला आणि म्हणाले, "तुळशीरामनं माझ्या जीपवर पोटच्या पोरासारखी माया केली." मी समोर बसलो होतो. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि बोललो. प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ. परीक्षेतल्या निबंधासाठी मी मुलांना जी विशेषणं देतो ती सगळी मी माझ्या मित्राला दिली. टाळ्या वाजवू नयेत हे लोकांना आठवेपर्यंत दोघातिघांनी वाजवल्यासुद्धा.

सभा संपल्यावर गोदावहिनीनं मला हात करून बोलावलं. ती लिहायला वाचायला शिकलेली नाही. म्हणाली, "मास्तर, एक काम होतं. दिवाळी जवळ आली. शेडच्या भितीले चुना माराचा हाय. पर आतल्या भितीवर त्याईनं कोयशानं लयच लिहेल हाय. मले कधी पुसू देल्लं नाही, चुना बी बाजूबाजूनं मारू दे. काय हाय थ्यात, वाचून दाखवता का? कामाचं नसन तर पुसून टाकतो."

मी दहा वर्षांनी शेडमध्ये गेलो. शेडची मागची भिंत मातीची, घराला लागून. ती खालपासून वरपर्यंत कोळशानं लिहिलेली होती. अक्षर तेच, चौथीतलं, गोल आणि जरा उजवीकडे झुकलेलं. मी वाचायला लागलो. "गिरणीचे इंजिन. पट्टा जीर्ण, हात जवळ नेऊ नये, असे सांगितले. समक्ष किसन हॉटेलवाला." "ट्रॅक्टर. ब्रेक एकीकडे ओढतो, उतारावर नेऊ नये. समक्ष पोस्टमन." "मोटारसायकल. टाकी गळते. समक्ष शेजारीण कमळाबाई." प्रत्येक गाडी, प्रत्येक यंत्र, मालकाला काय सांगितलं आणि ते कोणासमोर सांगितलं. दहा वर्षं हा माणूस रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून आत बोलवत असणार, की बाबा रे, दोन मिनिटं उभा राहा आणि मी काय सांगतो ते ऐक. वहिनी प्रत्येक नावाला "हाव, थो येत होता" म्हणत होती. वाचत वाचत मी डाव्या कोपऱ्यात सगळ्यात वर पोचलो. ती ओळ सगळ्यात जुनी, तिच्याभोवती चुन्याचे थर चढून ती खोलात गेल्यासारखी झाली होती. "भाऊसाहेबांची जीप. चाके मोठी, बॉडी उचलली नाही. गाऱ्यात नेऊ नये, असे सांगितले. समक्ष"

पुढे काही नव्हतं. हातभर जागा मोकळी होती.

मी थांबलो तशी वहिनी म्हणाली, "मंग? इथं कोणाचं नाव हाय?"

"इथं नाव नाही, वहिनी."

"काऊन नाही?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं. भाऊसाहेबांनी मला पाठवलं होतं तेही, ऑर्डरचंही, चहाचंही. मला वाटत होतं तिला हे माहीत असणार, नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं असणार. तिला काही माहीत नव्हतं; बैठकीतलं बोलणं भाऊसाहेबांच्या ओसरीवरच राहिलं होतं, गावात फिरलं ते फक्त 'पाय घेणारा' हे नाव. ती लोखंडी पेटीवर बसली. म्हणाली, "म्हंजे त्याईनं सांगतलं होतं... मी त्याईले दहा वर्सं बोल्ली, मास्तर. जेवाले वाढता वाढता बोल्ली. तुमच्या हातानं त्या गरिबाचा पाय गेला म्हणून बोल्ली. थे इतकंच म्हनत, जाऊ दे, जेवू दे." मग ती रडली नाही, तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला ते बघणं सोसवलं नाही. त्यानं बायकोला सांगितलं असतं तर माझं नाव सांगावं लागलं असतं, आणि माझ्या पोरी तिच्या मांडीवर खेळलेल्या. म्हणून त्यानं माझं गप्प राहणं स्वतःच्या घरातसुद्धा सांभाळलं होतं.

खाली कोळशाचा तुकडा पडला होता. मी तो उचलला आणि हात वर नेला.

"ठेवा थो खाली," वहिनी म्हणाली. "त्याईनं जागा ठेवली होती थे जित्ते होते तवा. आता नोका लिहू." मी कोळसा ठेवला. तिनं विचारलं, "नामदेवले सांगतलं का?"

"नाही."

"मंग इथं काय करून राह्यले? तथी जा."

नामदेव फाट्यावर वडाखाली पानविडीचं खोकं घेऊन बसतो. मी त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, गिऱ्हाईक असतानाच. तो पानाला कात लावत होता, लावायचा थांबला. शिवी देईल, मारेल, असं वाटलं. तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "जरा थांब," आणि माझ्याकडे न बघता बोलला, "मी त्याईच्या मयताले गेलो नाही, मास्तर. शेड समोर दिसते इथून. सारे गेले... मी इथंच बसलो होतो." आणि मग त्यानं ते पान तसंच टाकून दिलं.

वहिनीनं यंदा चुना मारला असं ऐकतो. ती भिंत सोडून. वरच्या कोपऱ्यातली हातभर जागा तशीच आहे आणि वहिनी हयात असेतो तशीच राहील. तिथं मला लिहू दिलं नाही ते बरोबरच झालं, म्हणून इथं लिहितो. भाऊसाहेबांच्या जीपला मोठी चाकं बसवली त्या दिवशी, ही गाडी गाऱ्यात नेऊ नका, असं तुळशीराम मिस्त्रीनं स्पष्ट सांगितलं होतं. समक्ष मी.